अमेरिकेत कोर्टात दुभाषी व्हायला स्पॅनिश उत्तम येणं पुरेसं आहे का?

नाही. फेडरल कोर्टाचं प्रमाणपत्र हवं असेल तर आधी लेखी आणि मग तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. १९७८ च्या कोर्ट इंटरप्रिटर्स कायद्यातून ही पद्धत आली. खरी गाळणी तोंडी परीक्षेत लागते: वकील बोलत असतानाच त्याच्या मागोमाग स्पॅनिशमध्ये सांगत जायचं, साक्षीदार थांबला की त्याचं उत्तर इंग्रजीत आणायचं, शिवाय हातात दिलेला कागद वाचता वाचता तोंडी भाषांतर. पास व्हायला ८० टक्के लागतात. घरात स्पॅनिश बोलणारेही इथे अडकतात, कारण साक्षीदाराची शिवी, अडखळणं, अर्धवट वाक्य, यातलं काहीही गाळता येत नाही की सावरून घेता येत नाही. राज्यांच्या कोर्टांच्या परीक्षा मात्र वेगळ्या असतात, त्यामुळे आधी तुमच्या राज्याचे नियम बघा.