शाळेत रोज मारामाऱ्या होतात. नवीन शिक्षकाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आठवी-नववीत रोज हाणामारी होते, परवा एकाने कर्कटक उगारलं, आणि जुने सहकारी म्हणतात, “दोन ठेवून दिल्याशिवाय ही पोरं ऐकत नाहीत.” मी रत्नागिरीत बंदराजवळच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडेही असंच होतं.

हात उचलू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं, ते आहेच. पण घरी पट्ट्याचा मार खाणाऱ्या मुलाला तुमच्या छडीचं काय भय? ज्याच्या हातात जोर त्याने मारायचं, एवढंच तो शिकतो.

आधी भांडणं कुठे आणि किती वाजता होतात ते वहीत टिपा. आमच्याकडे वर्गात फारसं काही होत नसे. मधली सुट्टी संपताना पाण्याच्या नळाशी आणि शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर व्हायचं. आम्ही पाळ्या लावून तिथे उभे राहू लागलो. ओरडायचं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारायची, जेवलास का विचारायचं. सर्वात जास्त फरक यानेच पडला, असं माझं ठाम मत आहे.

जुंपलीच तर आधी बघ्यांना पांगवा. बघे गेले की निम्मा जोर ओसरतो. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवा आणि राग उतरल्यावरच एकेकट्याशी बोला. “सुरुवात कोणी केली?” हे वर्गासमोर कधीच विचारू नका. हातात टोकदार काही असेल तर एकट्याने मध्ये पडू नका, सहकाऱ्याला बोलवा. नंतर सगळं मुख्याध्यापकांना लेखी द्या.

मुलांच्या घरी नक्की जा. आमच्या कित्येक मुलांचे वडील खलाशी. होडी समुद्रात असली की ते दिवसच्या दिवस घरी नसतात, आणि आई पहाटेच मासळीच्या लिलावाला गेलेली असते. काही मुलं स्वतःच पहाटे जेट्टीवर मासळी निवडून शाळेत येतात. झोप नाही, पोटात काही नाही, मग जरासा धक्का लागला तरी भडका. वडील निवांत भेटतात ते जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, म्हणून मी घरभेटी तेव्हाच उरकतो. तक्रार घेऊन जात नाही, ओळख करून घ्यायला जातो.

घरी छळ होतोय असं वाटलं तर 1098 ही चाइल्डलाइन आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम 16), आणि ते योग्यच आहे. काढलेलं पोर जाणार कुठे?

या सगळ्यात मार खाल्लेला मुलगा मागे पडतो. मारणाऱ्याची चौकशी होते, याला कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी तो आलाय का पाहा. आला नसेल तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जा.