प्रश्न तुमचे: धूमकेतू, सौरवारा आणि क्ष-किरण

धूमकेतू किंवा सौरवादळाची बातमी आली की हेच प्रश्न येतात. यावेळी एकत्र घेतले आहेत.

सौरवाऱ्याच्या क्ष-किरणांमुळे रात्री मोबाइल बंद ठेवावा, असा संदेश फिरतोय. खरं का? (जुळे सोलापूर)

नाही. सौरवारा म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे विद्युतभारित कण. त्यांच्यामुळे निघणारे हे सौम्य (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण शंभरेक किलोमीटर उंचीवरच हवेत जिरतात. संदेश पुढे ढकलू नका.

त्यापासून बचावाचं लॉकेट घ्यावं का? हातावर चट्टेही आलेत. (होटगी रोड)

जे किरण खाली पोचतच नाहीत, ते अडवायचे पैसे कशाला? चट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, याच आठवड्यात.

धूमकेतू बर्फाचा, मग क्ष-किरण कुठून? (बार्शी)

१९९६ साली क्ष-किरण टिपणाऱ्या रोसॅट उपग्रहाला हयाकुताके धूमकेतूभोवती ते दिसले, तेव्हा शास्त्रज्ञही चक्रावले होते. सौरवाऱ्यात बहुतेक प्रोटॉन, पण चिमूटभर ऑक्सिजन-कार्बनचे आयनही (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) असतात. सूर्याच्या दहा लाख अंशांच्या किरीटात (बाहेरच्या वातावरणात, म्हणजे कोरोनात) त्यांचे जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन गेलेले असतात. धूमकेतूची वाफ भेटली की ते तिचा इलेक्ट्रॉन हिसकावतात. तो वरच्या पातळीवर बसतो आणि खाली उतरताना क्ष-किरण सोडतो. धूमकेतू थंडच राहतो.

एकाच दिशेची, पंधरा दिवसांच्या अंतरानं घेतलेली दोन निरीक्षणं आहेत. क्ष-किरण वर्णपटात ऑक्सिजनची रेषा (ठरावीक ऊर्जेची चमक) एकात ठळक, दुसऱ्यात फिकी. 'दूरचा गरम वायू बदलला' असं लिहू का? प्रकल्प पुढच्या आठवड्यात द्यायचाय. (एम.एस्सी., सोलापूर)

लिहू नका! प्रकाशवर्षं पसरलेला वायू पंधरा दिवसांत बदलत नाही. बदलतो तो सौरवारा. पृथ्वीभोवतीचा विरळ हायड्रोजन आणि सूर्यमालेतून वाहणारा ताऱ्यांमधला हायड्रोजन-हेलियम त्याच्या वाटेत येतात, आणि ०.५७ व ०.६५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी (हे किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऑक्सिजनच्या रेषा उमटतात. गरम वायूच्या रेषाही तिथंच. 'पार्श्वभूमी वजा केली' हे प्रत्येक प्रकल्पात असतं. कुठल्या तारखेची, ते कुणी लिहीत नाही.

आधी २.५ ते ५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात प्रोटॉनच्या झळा (दुर्बिणीत शिरलेल्या प्रोटॉनमुळे अचानक वाढलेली मोजणी) शोधून तो वेळ काढून टाका. उरलेल्या वेळाचा ०.५ ते ०.७ चा आलेख २.५ ते ५ च्या आलेखाशेजारी ठेवा. खालचा पट्टा एकटाच हलला, तर संशय सौरवाऱ्यावर. मग सौरवारा मोजणाऱ्या एस (ACE) किंवा विंड (Wind) यानाची त्या दिवसाची मापं काढा. ही यानं सूर्याच्या बाजूला पंधरा लाख किलोमीटरवर आहेत, म्हणून सेकंदाला ४०० किलोमीटर वेग असेल तर तासाभराचा फरक धरा. नुसत्या प्रोटॉनवर विसंबू नका, ऑक्सिजनचं प्रमाण वेगळं हलतं. आलेख सपाट आला तरी सुटलात असं नाही. हेलियमकडून येणारा भाग सावकाश बदलतो, एका निरीक्षणात तो कळतच नाही. म्हणून दोन्ही वर्णपट एकत्र बसवा: गरम वायूचा घटक सामाईक, सौरवाऱ्यासाठी शून्य रुंदीच्या दोन रेषा मात्र प्रत्येकात मोकळ्या (स्वतंत्रपणे बदलू द्या). फिकी रेषासुद्धा गरम वायूची फक्त वरची मर्यादा सांगते.

हे आठवड्यात उरकणार नाही. इतके दिवस काय करत होतात? आजच मार्गदर्शकांकडून मुदत मागा. माहिती ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश दुर्बिणीची असेल तर पुण्याला आयुका या खगोल संशोधन संस्थेतल्या साहाय्य कक्षाला लिहा.

भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानाला हे क्ष-किरण दिसतात का? (मंगळवेढा)

नाही. त्यावरचं सोलेक्स हे उपकरण सूर्याकडे पाहतं आणि २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचंच मोजतं. ॲस्पेक्स हे दुसरं उपकरण सौरवाऱ्याचे कण मोजतं, ते मात्र कामाचं.

दुकानदार दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावायचा 'क्ष-किरण फिल्टर' देतोय. सूर्याजवळचा धूमकेतू पाहता येईल? (पंढरपूर)

क्ष-किरण तर दिसणार नाहीतच. नेत्रिकेपाशी लावलेली काच सूर्याच्या उष्णतेनं तडकते आणि डोळा जातो. सौर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडाशी हवा, तोही जाणकाराला दाखवून. हा परत करा.