गॅरेज-टपाल : बोअर किती मारायचा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयावरची होती : घरातली जुनी शंभर-सव्वाशेची गाडी थोडक्या पैशांत रेसला कशी उतरवायची. त्यातली निवडक पत्रं आणि आमची उत्तरं.

प्रश्न : माझ्याकडे जुनी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर आहे. शंभर सीसीपर्यंतच्या गटात डर्ट ट्रॅकला उतरायचं आहे. नाना पेठेत एक मिमी ओव्हरसाइज पिस्टन मिळतोय. मेकॅनिक म्हणतो, सरळ तोच टाका आणि हेड ‘चांगलं मिलीभर’ फेस मारून (तळ घासून) घ्या. करू का? – वाचक, धनकवडी

उत्तर : दोन्ही गोष्टींना आमचं उत्तर नाही असंच आहे. पहिलीत तुम्ही तपासणीतच बाद व्हाल, दुसरीत इंजिन बाद होईल.

आधी बोअरचं पाहू. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५ मिमी, म्हणून ते ९७.२ सीसी. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा ओव्हरसाइजमध्ये येतात. ०.५० वर सीसी होतात ९९.१५. ०.७५ वर १००.१३, म्हणजे केसभर का होईना, शंभरच्या पुढे. एक मिमीवर १०१.१. काही स्पर्धांच्या नियमांत झिजेसाठी थोडी सूट असते, काहींत नसते. ती लेखी वाचल्याशिवाय ०.५० च्या पुढे जाऊ नका. शिवाय ०.५० वर थांबलात, तर ब्लॉक सीज झाल्यावर (पिस्टन आत जखडल्यावर) सरावापुरते आणखी दोन बोअर शिल्लक राहतात. कमी बजेटवाल्याला हे सीसीपेक्षा जास्त मोलाचं.

बोअर मारायला देताना पिस्टन हातात घेऊन जा. लेथवाल्याने नुसता ‘पन्नास पॉइंट’चा (०.५० चा) बोअर मारून ठेवायचा नाही, तुमचाच पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर) मायक्रोमीटरने मोजून त्याप्रमाणे मारायचा. रोजच्या गाडीला ०.०३ मिमी फट चालते. रेसमध्ये पिस्टन जास्त तापतो, म्हणून ०.०४ ठेवा. होनिंगच्या (बोअरला शेवटी दगड फिरवल्याच्या) रेषा एकमेकींना तिरक्या छेदलेल्या दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर तेल धरत नाही आणि रिंगही बसत नाही. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांची फट फिलर गेजने पाहा, ०.२० मिमी हवी. कमी असेल तर बारीक कानशीने टोक घासा. फट नसलेली रिंग तापून टोकाला टोक भिडते आणि बोअर खरवडते. ‘नवीन पिस्टन टाकला आणि दुसऱ्याच राउंडला सीज झाला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

आता हेडचं. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) नऊला एक धरलं तर ज्वलनकक्ष साधारण १२.१५ सीसीचा असतो. हेडवरून अर्धा मिमी काढला की त्यातला जवळजवळ एक सीसी जातो. ०.५० ओव्हरसाइज बोअरसह कॉम्प्रेशनचं गणित असं :

काहीच न काढता – ९.१६
अर्धा मिमी काढून – ९.९
एक मिमी काढून – १०.७

हवेवर थंड होणाऱ्या, पंपावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला ९.९ मानवतं. १०.७ वर दुपारच्या उन्हात तिसऱ्या राउंडपासून खणखण (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) सुरू होते, आणि हेल्मेटमध्ये ती ऐकूही येत नाही. मेकॅनिकचा ‘चांगलं मिलीभर’ तो हाच.

हे आकडे कागदावरचे. तुमचं हेड याआधी कुणी फेस मारलेलं असू शकतं, तेव्हा मोजून घ्या. इंजिन फ्रेममधून उतरवा, कारण स्प्लेंडरचा ब्लॉक आडवा असतो आणि प्लगचं भोक वर आल्याशिवाय आतली हवा निघत नाही. रिंगच्या कडेला ग्रीस लावून पिस्टन टीडीसीवर (त्याच्या सर्वांत वरच्या जागी) ठेवा, हेड पॅकिंगसह कसा, आणि प्लगच्या भोकातून केरोसीन व इंजिन ऑइलचं मिश्रण ब्युरेटने (खुणांच्या मापनळीने) सोडा. प्लगची चुडी जिथे आत संपते तिथवर भरलं की आकडा वाचा. ब्युरेट नसेल तर औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज पुरते. दोनदा मोजा. दोन आकड्यांत ०.२ सीसीपेक्षा जास्त फरक पडला तर आत हवा अडकली आहे किंवा कुठून तरी गळतंय.

हेड फेस मारलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, टायमिंग चेनची ढील टेन्शनर खेचून घेतो आणि कॅम मागे पडतो. अर्ध्या मिमीला क्रँकचे साधारण दोन अंश. खालचा जोर थोडा घटतो, आणि डर्टवर वळणातून बाहेर पडताना नेमका तोच लागतो. कॅम स्प्रॉकेटच्या बोल्टची भोकं किंचित लंबगोल करून तो पुढे घेता येतो, पण मग बोल्टला लॉकटाइट (बोल्ट सैल न होऊ देणारा गोंद) हवंच. शिवाय व्हॉल्व्ह आता पिस्टनच्या जवळ आले. मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिसीन पिस्टनच्या माथ्यावर थापा, हेड कसून क्रँक हाताने दोनदा फिरवा, उघडून ब्लेडने कापा आणि सर्वांत पातळ जागा व्हर्नियरने मोजा. इनटेकला १.२ आणि एक्झॉस्टला १.५ मिमी तरी उरलं पाहिजे. हे काम दहा मिनिटांचं आहे. वाकलेल्या व्हॉल्व्हचं हेड पुन्हा करून घ्यायला आठवडा जातो.

प्रश्न : याच इंजिनाला दहा हजार आरपीएम फिरवता येतील का? स्प्रिंग कडक केल्या तर? – वाचक, भोसरी

उत्तर : पिस्टनच्या वेगाकडे पाहिलं तर येतील. ४९.५ मिमी स्ट्रोकला दहा हजारावर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.५ मीटर होतो. साध्या ओतीव पिस्टनला वीसच्या आत ठेवलं की जमतं. (हाच हिशेब ६०.७ मिमी स्ट्रोकच्या १५० पल्सरला लावला, तर दहा हजारावर २०.२ येतात. म्हणजे सीसी मोठे असले तरी फिरवायला ते इंजिन जास्त नाजूक.) पण कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. आठ हजारावरून दहा हजारावर गेलात की ताण १.५६ पट. बिग एंडमध्ये (रॉडच्या क्रँककडच्या टोकात) वर-खाली हलवून किंचितही खेळ जाणवत असेल, तर आधी क्रँक उघडा, स्प्रिंगचं मग पाहू.

कंपनीच्या रूपात हे इंजिन आठ हजाराच्या आसपास कमाल ताकद देतं. त्याच्या पुढे कॅमला हवाच भरता येत नाही, त्यामुळे नुसतं फिरवून आवाज वाढेल, वेग नाही. साडेआठ-नऊ हजारावर थांबणारी गाडी शर्यत पूर्ण करते. स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालणार असाल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये एकूण १ मिमी तरी जागा राहते का ते पाहा. वेढे एकमेकांना टेकले की रॉकर तुटतो.

आणि या इंजिनातला, क्रँकच्या टोकाचा सेंट्रिफ्युगल ऑइल फिल्टर. तो उघडून आतली काळी पेस्ट कधी काढली होती, हे बहुतेकांना आठवत नाही. ते काम फुकटात होतं, आधी ते करा.

प्रश्न : फिल्टरचा डबा काढून टाकला तर गाडी जास्त श्वास घेते ना? – वाचक, हडपसर

उत्तर : घेते, आणि त्यासोबत ट्रॅकवरची मातीही. डबा काढल्यावर मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) गाडी मधेच मिस मारते, म्हणून जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वाढवावं लागतं. डर्टसाठी तेल लावलेला फोम फिल्टर, जुन्याच डब्यात. विषय संपला.

प्रश्न : बऱ्याच वर्षांपूर्वी व्यवस्थित जेटिंग केलेली गाडी यंदा गरम होते, प्लग पांढरा पडतो. काहीच बदललेलं नाही. – वाचक, चिंचवड

उत्तर : तुम्ही काही बदललं नसेल, पंपावरचं पेट्रोल बदललं आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, ई-२० च्या एका भागाला साधारण १३.५. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जेटच्या भोकातून जाईल तेवढंच सोडतो. त्यामुळे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर अचूक बसवलेला मेन जेट आता सात-आठ टक्के लहान ठरतो. १०० चा असेल तर १०७.५ पासून सुरुवात करा आणि एकेक नंबर खाली या. नेहमी मोठ्या जेटकडून लहानाकडे यायचं. जेट मोठा राहिला तर गाडी नुसती घुरघुरते, लहान राहिला तर पिस्टनला भोक पडतं.

जेटमध्ये सुई किंवा तार फिरवून भोक मोठं करायची पद्धत सोडा. ०.९५ चं भोक १.०० झालं की क्षेत्रफळ जवळजवळ ११ टक्क्यांनी वाढतं. दिसतं कणभर, होतं चार नंबरांएवढं. शिवाय जुन्यावर परत येता येत नाही.

तपासणी बंद मैदानात करा. नवा प्लग लावा, वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर सरळ पट्टा मारा, थ्रॉटल न सोडता किल स्विच मारा व त्याच क्षणी क्लच दाबा, आणि प्लग काढून पाहा. आयडलवर घरी परत येऊन पाहिलेला प्लग आयडलचंच मिश्रण सांगतो. आतल्या चिनी मातीच्या अगदी मुळाशी फिकट कॉफीचा रंग हवा.

पुणेकरांसाठी एक जादा गोष्ट. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहोत. इथे बसवलेली गाडी चेन्नईच्या ट्रॅकवर नेली की हवा घट्ट मिळते आणि मिश्रण पातळ पडतं. एक नंबर मोठा जेट खिशात ठेवून जा. पण त्याहून मोठा फरक घरीच पडतो. डिसेंबरच्या सकाळी १० अंशांना असलेली हवा दुपारी ३० अंशांना असलेल्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के घट्ट असते. सराव दुपारी आणि शर्यत सकाळी, अशा दिवशी प्लग पुन्हा पाहिल्याशिवाय रांगेत उभे राहू नका.

शर्यत संपली की कार्बोरेटरचा बाउल रिकामा करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर उभ्या गाडीच्या बाउलमध्ये तळाला पांढरट थर दिसतो, आणि पायलट जेट (आयडलचा) सगळ्यात आधी बुजतो.

प्रश्न : आरएक्स १०० मिळाली आहे. एक्झॉस्ट पोर्ट घासायचा आणि एक्सपान्शन पाइप (फुगीर कोनांचा एक्झॉस्ट) बनवून घ्यायचा विचार आहे. किती घासू? – वाचक, खडकवासला

उत्तर : घासण्याआधी इंजिन हवाबंद आहे का ते बघा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील गेले की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि दोष जेटला दिला जातो. आयडल एकदम चढून खाली येतच नसेल, तर संशय सीलवर घ्या. एक्झॉस्ट आणि इनटेकला रबराचे बुच बसवा, प्लगच्या भोकात नळी लावा, पिस्टन खाली ठेवा आणि बीपी मोजायच्या जुन्या मशीनचा फुगा व डायल जोडून २५० पर्यंत दाब भरा. पाच मिनिटांत काटा फारसा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा.

या इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिमी. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड एक मिमी वर नेली की पोर्ट उघडा राहण्याचा एकूण काळ साधारण साडेचार अंशांनी वाढतो. म्हणून डिग्री व्हील (क्रँकचे अंश मोजायची चकती) लावून आधी आहे तो आकडा लिहून ठेवा. डर्टसाठी १८०-१८५ अंशांच्या पुढे नेऊ नका, खालचा जोर पार जातो. एका बैठकीत अर्धा मिमी. कड घासून झाली की ती बारीक दगडाने मोडा. धारदार कडेवर रिंग अडकून तुटते. पोर्ट रुंद करायचा मोह आवरा, रिंग त्यात फुगून अडकते.

पाइपची लांबी पोर्टच्या अंशांवर आणि कोणत्या आरपीएमला जोर हवा त्यावर ठरते : अंश गुणिले ४२५४५ भागिले आरपीएम, उत्तर मिमीमध्ये. १८० अंश आणि ९००० आरपीएमला ८५१ मिमी, पिस्टनच्या तोंडापासून मागच्या कोनच्या टोकापर्यंत, वाकणाच्या मध्यरेषेवरून मोजलेली. दुसऱ्याच्या गाडीवर ‘जबरदस्त चालणारा’ पाइप तुमच्या गाडीवर मेलेला निघतो, कारण त्याचे अंश वेगळे. पोर्ट आधी, पाइप नंतर.

हेड उतरवलंच आहे तर स्क्विश (पिस्टन वर असताना त्याच्या आणि हेडच्या कडेमधली फट) मोजा. दीड मिमी जाडीची सोल्डरची तार गजन पिनच्या (पिस्टनच्या आडव्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंना ठेवा, हेड कसा, क्रँक फिरवा, चेपलेलं टोक मोजा. ०.८ मिमीच्या खाली जाऊ नका.

ऑइल पंप बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणार असाल तर लिटरला ३० मिली. पाच लिटरच्या कॅनमध्ये १५० मिली आधी ऑइल, मग पेट्रोल, मग हलवायचं. पंप बंद केल्याचं कॅनवर ठळक लिहा. मित्राने साधं पेट्रोल भरून दिल्यामुळे इंजिनं गेली आहेत.

प्रश्न : पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान की मागचं मोठं? – वाचक, वाघोली

उत्तर : १४/४२ ला प्रमाण ३.००. पुढे १३ लावलं तर ३.२३, मागे ४५ लावलं तर ३.२१. फरक जवळजवळ तोच. पुढचं स्वस्त आणि पटकन बदलता येतं, पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. ट्रॅकवर अंदाज घ्यायला पुढचं बदला, एकदा प्रमाण पक्कं ठरलं की मागचं करून घ्या.

प्रश्न : पंचवीस हजारांत काय काय होईल? आणि ही गाडी रोज कॉलेजला नेता येईल का? – वाचक, कर्वेनगर

उत्तर : दुसऱ्याचं आधी : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असे फेरफार करून ती रस्त्यावर चालवता येत नाही, आणि रस्त्यावर शर्यत लावणं हा वेगळा गुन्हा. गाडी ट्रॅकवर टेम्पोतून न्यायची. स्पर्धेला एफएमएससीआयचा (देशातल्या मोटर-स्पर्धा क्लबांच्या महासंघाचा) परवाना लागतो का, हे आयोजकांच्या पत्रकात पाहा.

पैशांचा क्रम आमच्या मते असा : आधी हेल्मेट, बूट आणि ग्लोव्हज, मग टायर, ब्रेक शू, चेन आणि केबल, मग क्लच प्लेट व स्प्रिंग. उरलेल्यात पिस्टन-रिंग, बोअर आणि हेडचं फेसिंग. क्लचसाठी जासो एमए२ छापलेलं ऑइल घ्या. कारचं ‘घर्षण कमी करणारं’ ऑइल प्लेट घसरवतं. मनगटाला बांधायचा किल स्विच, ड्रेन प्लगला लॉक वायर आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या) नळीला बाटली यांना मिळून किरकोळ खर्च येतो. तपासणीच्या रांगेत गाडी बाजूला काढली जाते ती बहुतेक वेळा याच तिघांपैकी एकासाठी. लॉक वायरचं भोक दीड मिमीचं, प्लगच्या कोपऱ्यात, आणि तार घट्ट होण्याच्या दिशेने ओढलेली असावी.