‘सीआयडी’मधील दया खरोखर खेळाडू होते का? खेळ सुटल्यावर त्याचा अभिनयात काही उपयोग होतो का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘सीआयडी’मध्ये दयाची भूमिका करणारे दयानंद शेट्टी खरोखर खेळाडू होते का, ही पहिली, आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे थाळीफेक सोडावी लागलेली आपली मुलगी आता नाट्यशिबिराला जायचे म्हणते आहे, तेव्हा तिची मैदानावरची वर्षे वाया गेली असे समजायचे का, ही दुसरी. मी नाशिकमध्ये शाळकरी मुलांना थाळीफेक आणि गोळाफेक शिकवतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचे उत्तर होय असेच आहे. शेट्टी १९९४ मध्ये थाळीफेकीत महाराष्ट्राचे विजेते होते. पायाच्या दुखापतीमुळे त्यांचा खेळ सुटला आणि ते अभिनयाकडे वळले. ‘सीआयडी’ जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. या सगळ्या काळात दया म्हणून प्रेक्षक त्यांनाच ओळखत आले आहेत.

पायाच्या दुखापतीने हाताने फेकण्याचा खेळ कसा थांबतो, असे पालक मला नेहमी विचारतात. थाळी सुटते हातातून, पण तिला लागणारी ताकद जमिनीतून येते. खेळाडू अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात सुमारे दीड गिरकी घेतो, पाय आणि कंबर आधी वळतात, खांदा मागे राहतो आणि हात सर्वांत शेवटी येतो. पाऊल वळताना गुडघ्याला जबर पीळ बसतो, आणि फेकीच्या क्षणी पुढचा पाय खांबासारखा घट्ट रोवला गेला नाही, तर मिळवलेला सगळा वेग वाया जातो. म्हणून आपल्या मुलीला डॉक्टरांनी थांबायला सांगितले असेल, तर तिने हार मानली असे घरात कोणीही म्हणू नये.

आता अभिनयाबद्दल. दया दार तोडतात तेव्हा लोकांना त्यांचे रुंद खांदे दिसतात. मला दिसते ते त्याच्या आधीचे स्थिर उभे राहणे आणि नंतर लगेच तोल सावरून पुढच्या संवादासाठी तयार असणे. हे फेकपटूचे शिक्षण आहे, असे माझे मत आहे. आमच्या खेळात सर्वस्व पणाला लावून थाळी सोडल्यावरही खेळाडूला वर्तुळाबाहेर पाऊल टाकता येत नाही; थाळी जमिनीवर पडेपर्यंत आत थांबावे लागते आणि मग मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर यावे लागते, नाहीतर कितीही लांब गेलेली फेक बाद ठरते. पूर्ण जोर लावायचा आणि त्याच क्षणी स्वतःला आवरायचे, ही सवय कॅमेऱ्यासमोर ठरवून दिलेल्या जागेवर थांबणाऱ्या नटाला किती मोलाची असेल, याचा विचार करा. मोठ्या देहाचा माणूस शांत उभा राहून दरारा निर्माण करू शकतो, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणी दाखवले असेल.

मात्र सगळेच मैदानावरून मिळत नाही. आवाजाची फेक, शब्दांचे उच्चार आणि समोरच्याचे वाक्य खरोखर ऐकून उत्तर देणे, हे तिला नव्याने शिकावे लागेल. शेट्टी यांनीही आधी तुळू नाटकांत काम केले होते, हे येथे लक्षात घ्यावे. नाशिकमध्ये त्यासाठी वातावरण आहे: महाकवी कालिदास कलामंदिर आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृह येथे प्रयोग होतात, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने हौशी संस्थांच्या तालमी चालतात. (आपल्या जिल्ह्याची ओळख कविता राऊत यांच्यामुळे धावण्याशी जोडली गेली आहे, फेकीच्या मुलांकडे तेवढे लक्ष जात नाही, याची मला खंत वाटते.)

शिबिरात नाव घालताना दिग्दर्शकाला गुडघ्याची दुखापत स्पष्ट सांगा. दणकट मुलगी पाहिली की तिला मारामारीची किंवा पडण्याची कामे देण्याचा मोह होतो. डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत तिने ती घेऊ नयेत आणि तेवढे दिवस संहितेच्या वाचनाला व आवाजाच्या सरावाला द्यावेत.