तुझा वाघ मी ठेवून घेतलाय

प्रिय मित्रा,

तुझ्या तिन्ही वह्या पाहून झाल्या. पहिल्यांदा नुसत्या हौसेने, दुसऱ्यांदा भिंग घेऊन. चौथीत असताना काढलेला तो पाच पायांचा हत्ती मला सगळ्यात आवडला. त्यातली रेघ घाबरलेली नाही. पुढे तुझा हात सुधारत गेला आणि रेघ मात्र केसाळ झाली. एका कडेसाठी तू सात-आठ बारीक रेघा एकमेकींवर ओढतोस. कागदावर ते खपतं, उलट छान मऊ दिसतं. टॅटू काढताना कातडीवर त्याच जागेवरून सात-आठ वेळा सुई फिरवलीस तर तिथे जखम होते.

लहानपणापासून केलेलं ड्रॉइंग टॅटूच्या कामात उपयोगी पडेल का, असं विचारलं आहेस. पडेल, पण तुला वाटतं त्या जागी नाही. शेडिंग, पोत, बारकावे यांचा तुला अभिमान आहे, तो असू दे. पण तुझ्या पंधरा वर्षांच्या सरावातलं पहिल्या दिवशी कामी येणार आहे ते फक्त बघणं. काय काढायचं ते तुला दिसतं. काय सोडायचं ते अजून दिसत नाही.

आपल्या मशीनचा पूर्वज पेनच आहे, हे तुला आवडेल. एडिसनने १८७६ मध्ये विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. कागदाला बारीक भोकं पाडून त्याच्या प्रती काढण्यासाठी ते पेन होतं. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने १८९१ मध्ये गोंदण्याच्या मशीनचं पेटंट मिळवलं. आणि या धंद्याला चित्रकलेच्या पंगतीत बसवणाऱ्यांमध्ये ज्याचं नाव हमखास निघतं, तो डॉन एड हार्डी शिकला होता प्रिंटमेकिंग, म्हणजे छापचित्रं काढणं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडायचं, तिथेही खोडरबर चालत नाही. तो योगायोग आहे असं मला कधी वाटलं नाही.

आता कातडीबद्दल. आपली सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. भरीव सुयांचा एक झुपका सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा खालीवर होतो आणि त्यांच्यामधल्या फटींत धरलेली शाई आत झिरपते. वरचा थर, एपिडर्मिस, सतत झडून नवा होत असतो. तिथे ठेवलेलं काहीच टिकत नाही. त्याखालच्या डर्मिसमध्ये, साधारण १ ते २ मिलिमीटरवर, शाई पोचली तर राहते. त्याहून खोल गेलास तर रेघेच्या कडेने निळसर धूर पसरतो. त्याला आम्ही ब्लोआउट म्हणतो, आणि तो पुसता येत नाही. डर्मिसमधली शाई धरून ठेवतात त्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मरतात, शाई सुटते, आणि नव्या आलेल्या पेशी तीच शाई पुन्हा गिळतात. तू काढलेली रेघ शरीर असं या हातातून त्या हातात देत राहतं. आणि वर्षं जातील तशी ती जाड होत जाते. कुठलाही जुना टॅटू बघ.

हे मला पुस्तकातून नाही, एका मनगटावरून कळलं. कामाच्या तिसऱ्या वर्षी एकीच्या मनगटावर मी कवितेच्या चार ओळी गोंदल्या. देवनागरीत, अक्षर जेमतेम ४ मिलिमीटर. तिला नाजूक हवं होतं आणि मला माझा हात किती बारीक चालतो ते दाखवायचं होतं. त्या दिवशी ते कोरल्यासारखं दिसलं, मी फोटो काढून भिंतीवर लावला. सहा वर्षांनी ती पुन्हा आली. ‘ष’चं पोट भरून गेलं होतं, ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येत नव्हते, अनुस्वार तिळांसारखे दिसत होते. ती हसून म्हणाली, “मला पाठ आहेत ओळी, वाचायला कुठे लागतात?” ती गेल्यावर मी भिंतीवरचा फोटो काढला. तेव्हापासून कुणी फार बारीक अक्षर मागितलं की मी नाही म्हणते. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, जाऊ दे.

एक करून बघ. हात उताणा ठेवून कोपरापासून मनगटापर्यंत स्केचपेनने सरळ रेघ ओढ. आता तळहात पालथा कर. रेघ पिळली ना? टेबलावर हात टेकवून लावलेलं स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी कातडीवर उमटवलेला चित्राचा छाप, माणूस उभा राहिला की असंच तिरपं होतं. म्हणून स्टेन्सिल लावलं की त्याला उठव, दोन पावलं चालायला सांग, हात सैल सोडू दे, आणि लांबून बघ. चुकलं असेल तर पुसून पुन्हा लाव. मी एकदा पाच वेळा लावलंय, समोरचा वैतागला तरी. शिवाय कागद आपणहून ताणलेला असतो, कातडी नसते. ती डाव्या हाताने ताणून धरणं हे निम्मं काम. चित्रकलेत डाव्या हाताला कुणी विचारत नाही, इथे त्याच्यावाचून अडतं.

ऑनलाइन मशीन मागवून मित्रांच्या दंडावर हात बसवायचा विचार असेल, तर तो सोड. मित्र फुकट मिळतो म्हणून त्याची कातडी सरावाची होत नाही. सरावासाठी सिलिकॉनची कातडी मिळते. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा आधी स्वतः लस घे, तिन्ही डोस. सुई एकदाच वापरायची, उरलेली शाई बाटलीत परत ओतायची नाही. ग्लोव्ह घातलेल्या हाताने फोन उचललास तर ते ग्लोव्ह गेले. यावर वाद नाही.

उमेदवारी कर, एक-दोन वर्षं. कुणाच्या हाताखाली, ते ठरवताना ताज्या कामाचे फोटो बघू नकोस, ताजा टॅटू सगळ्यांचाच सुंदर दिसतो. पाच वर्षं जुनं काम दाखवा म्हण. जो दाखवेल त्याच्याकडे जा. सुरुवातीचे महिने टेबल पुसण्यात आणि स्टेन्सिल छापण्यात जातील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण वर्षभर नुसतं पुसायलाच लावलं तर तिथून निघ.

आणि लोक सुरुवातीला त्यांचं चित्र घेऊन येतील, तुझं नाही. इन्फिनिटीचं चिन्ह मी किती वेळा काढलं ते मोजणं सोडून दिलंय. तरी ते अवघडच आहे. एक वेढा दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा झाला की रस्त्यापलीकडून दिसतं.

पुढचे तीन महिने वहीत फक्त बॉलपेन. पेन्सिल नाही. वर्तुळं, लंबवर्तुळं, लांब वळणं, प्रत्येक रेघ एकदाच आणि एका श्वासात. रेघ खांद्यापासून ओढ, बोटांनी नको. चुकली तर तशीच ठेव, शेजारी दुसरी काढ.

वह्या सोमवारी परत पाठवते. दुसऱ्या वहीतलं वाघाचं पान मात्र ठेवून घेतलंय. त्याच्यावर ट्रेसिंग पेपर टाकून लाल पेनाने बघितलं. डोळे, नाकाची कड आणि पट्ट्यांपैकी नऊ, एवढ्यात वाघ उभा राहिला. मिशा मी सोडून दिल्या. तुला याहून कमी रेघांत जमला तर पाठव.

ताई