मुंबईत शिवडीला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला जाणार असशील तर

सगळ्यात आधी भरतीची वेळ बघ. पूर्ण ओहोटीला रोहित लांब चिखलात असतात, नुसते गुलाबी ठिपके दिसतात. ऐन भरतीला चिखलच बुडतो. भरतीच्या दोनेक तास आधी पोहोच, पाण्याबरोबर तेच किनाऱ्याकडे सरकत येतात. हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनवरून जेट्टीपर्यंत चालत जाता येतं. पहिल्या वर्षी महागडा कॅमेरा घेऊ नकोस, साधी दुर्बीण पुरे. चोच नीट बघ, त्यावरून दोन जाती ओळखता येतात: जवळजवळ सगळी गडद लाल असेल तर छोटा रोहित, फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा.

समोरच २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आहे, त्यावरून तिथे वाद होतोच. माझ्या मते पूल हवाच होता, पण हा चिखलही तितकाच जपायला हवा. तुझं मत वेगळं असेल तर खुशाल मांड, फक्त पक्षी जवळ असताना हळू बोल.