मंडळी वाढली, पण माझी विचारपूस कोण करणार?

प्रश्न: ऑपरेशन झालं म्हणून दोन महिने चर्चमध्ये उपासनेला जाता आलं नाही, तेवढ्या काळात मंडळीतल्या एकाचाही फोन नाही. परत गेले तर दारातल्या मुलीने हसून नवीन लोकांसाठीचा फॉर्म हातात दिला, आणि मी तिथली ११ वर्षांपासूनची सभासद! पूर्वी आम्ही ४० जण होतो, आता ५००च्या वर आहोत. पास्टर मनाने चांगले आहेत. पण दुसरी मंडळी शोधू का?

उत्तर: ताई, तो फॉर्म हातात घेताना काय झालं असेल ते कळतंय मला, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय असं मी मुळीच म्हणणार नाही. पण लगेच सोडू नका. एकटा पास्टर ५०० माणसं सांभाळू शकत नाही, हे बायबलमधल्या मोशेलाही जमलं नव्हतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्यापुढे उभे, शेवटी सासऱ्याने सांगितलं की दहा-दहा जणांवर माणसं नेम, नाहीतर तूही थकशील आणि लोकही (निर्गम १८). मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं तर मला फार आवडतं. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये इमारतीचं कर्ज फेडायचं होतं म्हणून साधारण १२ जणांमागे एक माणूस ठेवला, त्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडे जाऊन एक पेनी गोळा करायची, आणि पैसे मागायला गेलेल्यांना घरात काय चाललंय ते दिसायला लागलं! मग तीच त्यांची काळजी घेण्याची पद्धत झाली.

तुम्ही पास्टरना भेटून हे सगळं सांगा, फॉर्मचंही सांगा, त्यांना बहुतेक माहीतच नसेल. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं असं बायबलमध्ये याकोबाने त्याच्या पत्रात लिहिलंय (५:१४), म्हणजे आपणही कळवायला हवं, पण दोन महिने रिकामी राहिलेली जागा कोणाच्या तरी लक्षात यायलाच हवी होती. तुम्हीच पास्टरकडून दहा सभासदांची नावं मागून घ्या ना, आजारपणात एकटं पडणं काय असतं ते तुम्हाला माहितीय. फोन केला की "चर्चला का आला नाहीत" असं विचारू नका, माणूस लगेच कारणं द्यायला लागतो, त्यापेक्षा "टाके सुकले का, रात्री झोप लागते का" एवढंच विचारा आणि ऐका. आणि जे कानावर येईल ते त्या माणसाला विचारल्याशिवाय प्रार्थनासभेत प्रार्थनेचा विषय म्हणून मांडू नका, त्यानेच कितीतरी लोक कायमचे गप्प झालेले मी पाहिलेत.